तासातलं एक मिनिट

काटेवाल्याचे वडील वजनकाटे दुरुस्त करायचे, म्हणून ते काटेवाले. मुलगा वजनकाटे सोडून सर्किटांत शिरला, तरी तोही काटेवालाच राहिला. एखादं नाव एकदा लोकांच्या जिभेवर बसलं की माणसाने धंदा बदलला काय नि स्वतःला बदललं काय, नावाला त्याचं सोयरसुतक नसतं. दुकान तेच होतं, दोन गिऱ्हाईकं आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहावं एवढं, आणि आत डाव्या भिंतीच्या फळीवर वडिलांची पितळी वजनं अजून रांगेने मांडलेली. वडिलांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी दुकानदार ओळख काढून, चहा पाजून म्हणाला की काटा जरा आमच्या बाजूने बसवा, तर ते म्हणायचे, काटा कुणाचा मेहुणा नसतो. मुलाने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याला ते ऐकू येईनासं झालं होतं.

मेहुण्यांचा विषय पुढे येणारच आहे, तेव्हा नातं आधीच सांगितलेलं बरं. काटेवाल्याला एक थोरली बहीण होती, ताई. ताईचे यजमान, म्हणजे काटेवाल्याचे दाजी, टॉवर क्रेन चालवायचे. सत्तावीस वर्षं त्या उंच काचेच्या केबिनमध्ये बसून त्यांनी लोखंड, विटा, काँक्रीट, एकदा तर अख्खा जिना उचलून वर ठेवला होता, आणि इतक्या वर्षांत खाली एक खिळाही पाडला नव्हता. माणूस मोजकं बोलणारा. ताई मात्र बोलायची. लोकांनी विचारलं की म्हणायची, आमचे हे उंटावरून शेळ्या हाकतात आणि वर त्याचा पगारही घेतात.

दाजींच्या साइटवरच्या क्रेनचं वारा मोजायचं यंत्र बंद पडलं होतं. क्रेन भाड्याची, सुटा भाग लांबून यायचा होता, तीन महिने लागतील असं मालकाने कळवलं, आणि तोवर आमच्या वायरींना कोणी हात लावायचा नाही अशी ताकीदही दिली. आता वारा न मोजता क्रेन चालवता येत नाही. ताशी चाळीस किलोमीटरच्या वर वारा गेला की उचलायचं काम थांबवायचं, हा नियम. साइटचे साहेब अडचणीत आले तेव्हा दाजींनीच मेहुण्याचं नाव सुचवलं. म्हणाले, आमचा काटेवाला करून देईल काहीतरी.

काटेवाल्याने करून दिलं, आणि झकास दिलं. गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, त्याखाली एक डबी, डबीत छोटं सर्किट आणि एक बॅटरी. वाट्या किती फिरल्या ते मोजायचं, वाय-फायवरून खाली ऑफिसात पाठवायचं, की साहेबांच्या फोनवर आकडा हजर. पाठवलं की हिरवी बत्ती लागायची. ही बत्ती हौसेची. काम चाललंय हे दिसलं पाहिजे, नाहीतर कारागिराला चैन पडत नाही.

घोडं अडलं ते बॅटरीपाशी. वाय-फाय म्हणजे खादाड पाहुणा, बॅटरी दीड दिवसात चाटूनपुसून साफ. बदलायची तर क्रेनच्या शिडीने वर जायला हवं, आणि काटेवाल्याला उंचीची भयंकर भीती. पहिल्यांदा यंत्र बसवायला चढला तेव्हा त्याची पाचावर धारण बसली होती. ठरलं होतं की यंत्र क्रेनच्या शेंड्याला लावायचं. याने केबिनच्या खिडकीबाहेरच्या कठड्यापर्यंत कसाबसा हात पोचवला, दोन हात लांबीच्या दांडीवर तिथेच लावलं, तेही घाईत डबीचं तोंड केबिनकडे करून, आणि डोळे मिटून खाली उतरला. उतरल्यावर म्हणाला, आता मेलो तरी वर जाणार नाही. मग दर दिवसाआड दाजीच शर्टाच्या खिशात बॅटरी घालून वर न्यायचे. तरी मधेमधे खंड पडायचाच, आणि साहेब कुरकुर करायचे.

तेव्हा काटेवाल्याने यंत्राला झोपायला शिकवलं. अशा सर्किटांना ते येतं. काम झालं की सगळं बंद करून गाढ झोपायचं, झोपण्याआधी आपला आपणच गजर लावायचा, गजर झाला की उठायचं. त्याने दहा मिनिटांचा गजर लावून दिला. यंत्र उठायचं, पाच सेकंद वाट्या मोजायचं, पुढच्या पाच सेकंदांत आकडा पाठवायचं, बत्ती लावायचं आणि पुन्हा झोपायचं. दीड दिवसाची बॅटरी आता अडीच महिने जाणार होती. ताईकडे जेवताना, यंत्र आता झोपतं आणि बॅटरी अडीच महिने जाते, एवढंच त्याने सांगितलं, किती झोपतं ते नाही, तेव्हा तो खुर्चीवर सरळ बसेना इतका खूश होता. ताईने यंत्राचं नाव कुंभकर्ण ठेवलं. दाजी हसले आणि म्हणाले, बरं झालं, माझी एक खेप वाचली.

साहेबांना त्याने सांगितलं ते एवढंच, की आता दर दहा मिनिटांनी आकडा येईल आणि बॅटरीची कटकट संपली. साहेबांनी समजायचं ते समजून घेतलं. त्यांना वाटलं, यंत्र वर बसून दहा मिनिटं वाऱ्यावर डोळा ठेवतं आणि मग अहवाल देतं. काटेवाल्याने काही खुलासा केला नाही. खोटं कशाला बोला, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष अडीच महिन्यांवर होतं. साहेब इतके खूश झाले की कंपनीच्या आणखी अकरा साइटांवर हेच यंत्र लावायचं बोलणं सुरू झालं. एवढ्याशा दुकानाला अकरा साइटा म्हणजे काय, ते ज्याने असं दुकान चालवलंय त्यालाच कळेल.

मग तो गुरुवार आला. वरच्या मजल्याचा स्लॅब घालायचा होता. काँक्रीटच्या गाड्या खाली रांगेत उभ्या, बादली वर जातेय, रिकामी होऊन येतेय. चार वाजायला सात मिनिटं कमी असताना दाजींनी भरलेली बादली अर्ध्यातून खाली घेतली, जमिनीला टेकवली, काम बंद केल्याचा भोंगा दिला आणि वर गप्प बसले. त्यांचं म्हणणं, वाऱ्याने बादली फिरवली, दोन माणसं होती तिच्या वाटेत. पण जोर होता तो पाच मिनिटं. खाली इमारतीच्या आडोशाला तर कोणाला झुळूकही लागली नाही. दाजींनी नियमाप्रमाणे वारा पडल्यावरही अर्धा तास वाट पाहिली आणि मगच पुन्हा हात घातला. तोवर दोन गाड्यांमधलं काँक्रीट घट्ट व्हायला लागलं, ते फेकावं लागलं. अर्धवट स्लॅब उखडायची वेळ आली.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं, काटेवाल्यालाही. साहेब वाईट नव्हते. पण त्यांच्याही वर कोणीतरी बसलेलं होतं आणि त्याला उत्तर द्यायचं होतं. त्यांनी आकड्यांचा कागद सगळ्यांसमोर ठेवला. तीन चाळीसला अठरा, तीन पन्नासला एकवीस, चारला एकोणीस. चाळीस सोडा, पंचवीसही नाही. स्लॅबवरच्या एकाने सांगून बघितलं की एक झोत आला होता खरा. पण कागदापुढे तोंड चालत नाही, तो दोन वाक्यांत गप्प झाला. दाजी म्हणाले, वारा होता साहेब. त्यांनी एकदा समोर बसलेल्या काटेवाल्याकडे पाहिलं.

तीन पन्नास आणि चार यांच्यामध्ये काय आहे ते काटेवाल्याला चांगलंच ठाऊक होतं. मध्ये झोप होती. दहा मिनिटांत दहा सेकंद जागं, म्हणजे तासात एक मिनिट. तीन त्रेपन्नला वर वादळ आलं असतं तरी कुंभकर्णाला त्याचं काही नव्हतं.

साहेबांनी त्याला सरळ विचारलं, "आकडे बरोबर आहेत ना?"

"नोंदलेला प्रत्येक आकडा बरोबर आहे," काटेवाला म्हणाला.

हे अगदी खरं होतं. एवढं खरं की त्याच्या आड एक अख्खा माणूस लपवता येईल. काटेवाल्याच्या डोळ्यांसमोर अकरा साइटा होत्या, आणि माझं यंत्र झोपा काढतं असं दहा जणांत सांगायची लाज होती. दोन्हींत जास्त काय होतं ते त्याने स्वतःलाही कधी विचारलं नाही.

साहेबांनी मग हळू आवाजात सांगितलं की दाजींचं वय छप्पन्न आहे, या वयात मन कच्चं होतं, त्यात कमीपणा नाही. तूर्त त्यांनी खाली गोदामात बसावं. सोमवारी संध्याकाळी क्रेनच्या मालकाला पत्र जाईल. पत्रात काय असणार ते सगळ्यांना माहीत होतं. वारा नसताना भिऊन क्रेन थांबवली, असा शेरा एकदा पडला की पुन्हा कुठल्याच केबिनचं दार उघडत नाही. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

रविवारी ताईने भावाला जेवायला बोलावलं. बोलावणं नेहमीचंच, पण त्याने दोन सबबी सांगून पाहिल्या आणि ताईने दोन्ही उडवून लावल्या. घरात शिरल्यावर त्याला पहिल्यांदा दिसली ती उशी. केबिनच्या खुर्चीसाठी ताईने जुन्या पडद्याच्या कापडाची शिवलेली, बसून बसून पोळीसारखी झालेली. दाजींनी ती घरी आणली होती आणि ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पडली होती. दाजी गॅलरीत उभे होते. ताई भाजी ढवळत सांगत होती की सकाळपासून हे तीनदा गॅलरीत गेले आणि तीनदा आले, या माणसाला जमिनीवर राहायचं कसं तेच माहीत नाही, बघवत नाही मला.

जेवताना ताईने वाढता वाढता विचारलं, "तुझ्या यंत्राकडून काही राहिलं असेल का रे?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. लहानपणी याची पाटी फुटली की ती याच आवाजात विचारायची, तूच फोडलीस का.

"नाही गं. यंत्र बरोबर आहे."

ताईने पळी परत भांड्यात ठेवली.

"मग यांचंच चुकलं असेल," ती म्हणाली.

दाजी समोरच बसले होते. त्यांनी पाणी प्यायलं आणि भांडं खाली ठेवलं. सत्तावीस वर्षं या बाईने नवऱ्याची उठताबसता थट्टा केली होती, पण क्रेनवरच्या त्यांच्या हाताबद्दल एक अक्षर वावगं काढलं नव्हतं. आज काढलं, आणि ते भावावर विश्वास होता म्हणून काढलं. पोट भरलं असं सांगून काटेवाला उठला. ताईला ते खोटं आहे हे कळलं, पण तिने आग्रह केला नाही.

घरी न जाता तो दुकानात गेला. फळीवरची वजनं नेहमीसारखी उभी होती, त्याने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. आता ती वजनं काय बोलणार आहेत थोडीच, पण टाळलं खरं. मग त्याने खालच्या कपाटातून जादाचं यंत्र काढलं, तसंच, त्याच गजराचं, आणि पिशवीत भरलं.

सोमवारी सकाळी तो साहेबांच्या खोलीत गेला तेव्हा पत्र टाइप होऊन सहीला आलं होतं. काटेवाल्याने बसायचीही वाट पाहिली नाही. यंत्र टेबलावर ठेवलं, हिरवी बत्ती एकदा लागून गेली तशी कोपऱ्यातला उभा पंखा ओढून त्याच्यासमोर आणला आणि पूर्ण जोरावर सोडला. वाट्या नुसत्या गरगरायला लागल्या. टेबलावरचे कागद उडाले, साहेबांनी त्या पत्रावर हात ठेवला. काटेवाल्याने विनंती केली की फोनवर आकडा बघत राहावं. आकडा शून्य होता. साहेबांनी फोन हलवून पाहिला, तरी शून्यच. सात-आठ मिनिटं दोघं त्या वाऱ्यात बसून राहिले. मधे चहा आला, तो गार झाला. मग काटेवाल्याने पंखा बंद केला. वाट्या हळूहळू थांबल्या. आणखी मिनिटभराने बत्ती लागली. शून्य.

"मघाचा वारा कुठे गेला?" साहेबांनी विचारलं.

काटेवाल्याने सांगितलं. सगळं सांगितलं, बॅटरीपासून शिडीपर्यंत. आपल्याला वर चढायची भीती वाटते आणि म्हणून हे झोपवणं सुचलं, हेसुद्धा सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती. साहेब कागदावर आकडेमोड करत ऐकत होते. तासाला एकोणसाठ मिनिटं झोप, असं त्यांचंही उत्तर आलं. ते म्हणाले, गेटवरचा राखणदार एवढा झोपला असता तर त्याला मी सकाळीच काढला असता. काटेवाला म्हणाला, बरोबर आहे.

"शुक्रवारी का नाही बोललात?"

काटेवाल्याने पंखा ओढून परत कोपऱ्यात ठेवला. साहेबांनी पत्र फाडलं, दोन तुकडे केले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, आणखी दोन केले. म्हणाले, सुटा भाग येईपर्यंत वारा तुमचे दाजीच बघतील, त्यांनी थांबा म्हटलं की थांबायचं. अकरा साइटांबद्दल ते काही बोलले नाहीत आणि यानेही विचारलं नाही. तेवढी अक्कल त्याला होती. वरचं यंत्र मात्र आजच्या आज उतरवा, असं त्यांनी सांगितलं.

उतरवायला दाजी तयार होते. पण काटेवाला म्हणाला, मीच येतो. दाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मग म्हणाले, बरं, माझ्या मागून ये, खाली बघू नको. उशी त्यांनी काखेत मारली होती. ताईने निरोप मिळताच ती साइटवर पोचवली होती.

शिडी चढायला काटेवाल्याला अर्धा तास लागला. प्रत्येक टप्प्यावर दाजी थांबायचे आणि हा वर येईस्तोवर दुसरीकडे बघत राहायचे. केबिनमध्ये पोचल्यावर याने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली. दाजींनी उशी ठेवली, थोपटली, आणि बसले. सत्तावीस वर्षांची सवय, तीन दिवसांनी परत. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून काटेवाल्याला क्षणभर भीतीचा विसर पडला.

मग त्याने समोर पाहिलं. काचेच्या पलीकडे, दाजींच्या नाकासमोर तीन हातांवर, त्याची डबी होती. तोंड केबिनकडे. त्यानेच तशी लावली होती. तो बघत असतानाच हिरवी बत्ती लागली आणि विझली.

"हे तुम्हाला दिवसभर दिसायचं?" त्याने विचारलं.

"दिसणारच. समोरच आहे." दाजींनी काचेवरची धूळ रुमालाने पुसली. "दहा मिनिटांनी एकदा लागते, मधे मेलेली. किती झोपतं ते दुसऱ्याच दिवशी कळलं मला. गुरुवारी बादली फिरली तेव्हा या वाट्या सुटल्या होत्या नुसत्या, आणि बत्ती बंद."

"मग शुक्रवारी सांगितलं का नाहीत?"

"तुझं अकरा साइटांचं चाललं होतं. त्यात मी कशाला खो घालू?" दाजी म्हणाले. "आणि तू समोर बसला होतास ना. म्हटलं, यंत्र त्याचं आहे, तोच सांगेल."

खाली कोणीतरी शिट्टी मारली. पहिली बादली भरत होती. दाजींनी हात वर करून थांबायची खूण केली, खिडकीची कडी काढून दिली आणि पाना याच्या हातात ठेवला.

"रविवारी जेवतानाही वाटलं होतं, आता सांगशील," ते म्हणाले.

काटेवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून पहिला नट सैल करायला घेतला. पाना दोनदा घसरला. उंचीकडे त्याचं लक्षही नव्हतं.